इवलासा समुद्री शिंपला नवीन स्पीशीज म्हणून जाहीर करायचा असेल तर

वाळू चाळून मायक्रोस्कोपखाली घेतली की कधीतरी दोन-तीन मिलिमीटरचा एक शिंपला असा येतो की तो कुठल्याच पुस्तकातल्या चित्राशी जुळत नाही, आणि मग रात्रीची झोप उडते कारण डोक्यात एकच, ही नवीन स्पीशीज आहे. असेलही. पण आधीच सांगते, नाव ठेवणं हे एका दुपारचं काम आहे, बाकीचे महिने (कधी कधी वर्षं) जातात ते एवढंच दाखवण्यात की याला आधी कोणी नाव दिलेलं नाहीये. त्यामुळे हा लेखही तसाच झालाय, जिथे वेळ जातो तिथे लांब आणि बाकी ठिकाणी भराभर.

शब्दांचं एक सांगून टाकते, मराठीत कोणी स्पीशीजला जाती म्हणतं कोणी प्रजाती, आणि तोच प्रजाती शब्द कोणी जीनससाठी वापरतं, म्हणून मी इथे सरळ स्पीशीज आणि जीनसच लिहितेय.

गोळा करताना

चाळणी अर्ध्या मिलिमीटरची घ्या, जमलं तर पाव मिलिमीटरची पण. एक मिलिमीटरच्या चाळणीतून यातले सगळ्यात लहान लोक खाली निघून जातात, आणि मोठे तेवढे वर राहतात जे आधीच सगळ्यांना माहीत आहेत. प्रत्येक नमुन्यासोबत जागेचे अक्षांश-रेखांश, खोली, तारीख, तळ कसा होता (बारीक वाळू, चिखल, प्रवाळाचा चुरा, शैवालाची मुळं), कशाने काढला आणि कोणी काढला हे तिथल्या तिथे लिहा, घरी जाऊन लिहू म्हटलं की गेलंच समजा. लेबल बाटलीच्या आत, चांगल्या कागदावर, पेन्सिलने. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते आणि सहा महिन्यांनी तुमच्याकडे फक्त एक निळसर द्रव उरतो.

गोळा करायची परवानगी आणि नमुने देशाबाहेर न्यायचे असतील तर त्याची कागदपत्रं आधीच घ्या. नागोया प्रोटोकॉल (दुसऱ्या देशातले जैविक नमुने कसे घ्यायचे-वापरायचे याचा आंतरराष्ट्रीय करार) २०१४ पासून लागू आहे आणि जर्नल, म्युझियम दोघंही कागद मागू शकतात. नंतर परवानगी मिळवणं हा प्रकार फार त्रासाचा असतो.

अजून एक गोष्ट जी लोक विसरतात ती म्हणजे शिंपला कोणासोबत होता. गॅलिओमॅटॉइडिया नावाचा एक मोठा ग्रुप आहे, इवल्या शिंपल्यांमधले खूप सारे त्यातलेच, आणि त्यातले कितीतरी दुसऱ्या प्राण्यांच्या आधाराने राहतात. मोंटाक्युटा सबस्ट्रायाटा हा शिंपला हृदयाच्या आकाराच्या एका सी अर्चिनच्या काट्यांना धरून बसतो, कुर्टिएला बायडेंटाटा ब्रिटल स्टारच्या (तारामाशाचा नातेवाईक) बिळात सापडतो, आणि एंटोव्हाल्व्हा तर सी ककंबरच्या (काकडीसारखा मऊ समुद्री प्राणी) पोटात राहतो, त्याचं कवच त्याच्याच अंगाच्या आत झाकलेलं. यजमान कोण होता ही माहिती नंतर दोन स्पीशीज वेगळ्या करायला कामाला येते, आणि ती फक्त तुम्ही पाण्यात असतानाच मिळते. फोटो काढा, यजमानाचा तुकडा पण वेगळ्या बाटलीत ठेवा.

जिवंत असेल तर आधी गुंगी द्या

जिवंत शिंपला सरळ अल्कोहोलमध्ये टाकला की तो घट्ट मिटतो, अल्कोहोल आत जात नाही, आत मांस कुजतं आणि डीएनए पण जातो, म्हणजे दोन्हीकडून नुकसान. त्याऐवजी मॅग्नेशियम क्लोराइड (सहा पाण्याचे रेणू असलेलं, नेहमी मिळतं ते) लिटरभर गोड्या पाण्यात ७५ ग्रॅम विरघळवा, ते समुद्राच्या पाण्यात निम्मं-निम्मं मिसळा आणि शिंपला त्यात ठेवून द्या. तासाभरात, कधी जास्त वेळाने, तो सैल पडतो, पाय आणि मँटल (कवचाच्या आतलं मऊ अस्तर) बाहेर येतो. याच वेळी फोटो काढून घ्या कारण मँटलवरचे टेंटॅकल, पायाचा आकार, अंगाचा रंग हे सगळं अल्कोहोलमध्ये गेल्यावर गुंडाळून पांढरं होतं. मग ९५ टक्के किंवा त्याहून कडक इथेनॉल, आणि एक-दोन दिवसांनी ते इथेनॉल एकदा बदला, कारण प्राण्यातलं पाणी त्याला पातळ करतं.

फॉर्मलिन शक्यतो नकोच. ते आम्लधर्मी होत जातं आणि शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, एवढा पातळ की काही आठवड्यांत वरची बारीक नक्षी पुसून जाते. पेशींचा अभ्यास करायचाच असेल तर बोरॅक्स घातलेलं वापरा आणि लवकरात लवकर अल्कोहोलमध्ये हलवा.

कोरडे शिंपले ठेवताना कापूस नको, त्याचे धागे बिजागरीच्या (शिंपल्याचे दोन अर्धे भाग जुळतात तो सांधा) दातांत अडकतात आणि काढताना दात तुटतो. ओकच्या लाकडाचे ड्रॉवर आणि साधा पुठ्ठा यांच्यातून ॲसेटिक आम्लाची वाफ सुटते आणि शिंपल्यावर पांढरी बुरशीसारखी पूड चढते, ती बुरशी नसते, शिंपलाच विरघळत असतो. याला बाइनचा रोग म्हणतात. जिलेटिनच्या कॅप्सूल किंवा मायक्रोफॉसिल ठेवायच्या स्लाइड बऱ्या पडतात.

पिल्लू तर नाही ना?

इथे मी स्वतः आपटले आहे म्हणून जरा थांबून सांगते. सुरुवातीच्या काळात एका पावणेदोन मिलिमीटरच्या शिंपल्यावर मी तीन महिने घालवले, बिजागरीचे दात असे काही होते की माझ्या माहितीतल्या कुठल्याच जीनसमध्ये बसेनात, आणि शेवटी कळलं की तो एका चांगल्या मोठ्या, सगळ्यांना माहीत असलेल्या शिंपल्याचं पिल्लू आहे. लहानपणी दात वेगळे असतात, आकार वेगळा असतो, लिगामेंट (दोन अर्धे भाग बांधून ठेवणारा लवचिक पट्टा) वेगळ्या जागी असतं.

म्हणून पहिला प्रश्न हाच, हा शिंपला पूर्ण वाढलेला आहे का. आत गोनॅड (प्रजननाचा अवयव) भरलेलं दिसतं का, गिलमध्ये म्हणजे कल्ल्यांत अंडी किंवा लहान पिल्लं सांभाळलेली आहेत का (इवल्या शिंपल्यांमधले खूप जण पिल्लं आतच वाढवतात, लासेया आणि काँडिलोकार्डिया दोन्ही तसेच), कडा जाड झालीये का, वाढीच्या रेषा कडेजवळ दाटल्यात का. यातलं एकही नसेल तर अजून नमुने मिळेपर्यंत थांबा. आणि शक्य असेल तेव्हा सगळ्यात छोट्यापासून सगळ्यात मोठ्यापर्यंत एक रांग लावा, कारण मोठ्या शिंपल्याचं पिल्लू असेल तर रांगेच्या शेवटी तो मोठा स्वतःच उभा राहतो.

याच वेळी अंबोच्या (बिजागरीजवळचा फुगीर, सगळ्यात जुना भाग) टोकावर बघा. तिथे अळीचा जुना शिंपला चिकटलेला असतो, प्रोडिसोकाँक, आणि तो प्रत्येक शिंपल्याचा जन्मदाखला समजा. पहिला भाग छोटा (साधारण ७० ते १५० मायक्रॉन) आणि त्याच्याभोवती बारीक रेषांचा दुसरा मोठा पट्टा असेल तर ती अळी पाण्यात तरंगत, खात वाढली. पहिलाच भाग मोठा, दोनशेच्या वर, आणि दुसरा पट्टा नाहीच किंवा नावापुरता, तर पिल्लू आईच्या आत वाढलं असण्याची शक्यता जास्त. दोन अगदी सारख्या दिसणाऱ्या शिंपल्यांचे प्रोडिसोकाँक वेगळ्या मापाचे निघाले तर तो खूप मजबूत पुरावा असतो, त्यामुळे हे माप न घेता पेपर पाठवूच नका.

साफ करणं, डावा-उजवा ठरवणं आणि फोटो

एकच नमुना (सगळे नाही!) पातळ केलेल्या घरगुती ब्लीचमध्ये टाका म्हणजे मांस सुटून बिजागरी दिसेल. समोर बसून बघा, पाच-दहा मिनिटांनी बघा, जेवायला जाऊ नका. ब्लीचमध्ये वरची पेरिऑस्ट्रॅकम म्हणजे पातळ साल पण निघते आणि लिगामेंट पण, म्हणून त्यांचं वर्णन आधी लिहून ठेवा. अल्ट्रासॉनिक क्लीनर वापरायचा मोह होतो पण पातळ व्हाल्वचे (शिंपल्याचा एकेक अर्धा भाग) दोन सेकंदात तुकडे होतात, मला विचारा.

आता पुढचं कुठलं आणि मागचं कुठलं. सोपी वाटणारी ही गोष्ट खूप पेपरमध्ये उलटी छापलेली आहे. लोक धरून चालतात की अंबोपासून जी बाजू लांब ती मागची. नुक्युलामध्ये आणि मिसेला-कुर्टिएला मंडळींत नेमकं उलटं, लांब बाजू पुढची. तेव्हा पॅलियल सायनस (व्हाल्वच्या आतल्या बाजूच्या रेषेतली खाच) असेल तर तो मागे, पाय पुढे, आणि जिवंत असताना तो कुठल्या दिशेला सरकत होता ते बघितलं असेल तर प्रश्नच मिटला. मग अंबो वर धरा, पुढची बाजू तुमच्यापासून लांब, उजव्या हाताला येईल तो उजवा व्हाल्व.

इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली (सेम) दोन्ही व्हाल्व बाहेरून, आतून, बिजागरी जवळून आणि प्रोडिसोकाँक एवढे फोटो हवेतच. बिजागरीचा फोटो सरळ वरून काढला तर दात चपटे दिसतात, थोडं तिरकं करून अजून एक काढा. उचलताना चिमटा नको, ओला केलेला सगळ्यात बारीक ब्रश, टोकाला शिंपला आपोआप चिकटतो. होलोटाइप (नाव ज्याच्यावर टांगलं जातं तो नमुना, पुढे येईलच) होणार असेल त्या नमुन्यावर सोन्याचा मुलामा देऊ नका, लो-व्हॅक्युममध्ये बिनमुलाम्याचा काढता येतो, कारण उद्या कोणाला त्याचा रंग किंवा चमक बघायची असेल तर सोनं निघत नाही.

मापं म्हणजे लांबी, उंची, दोन्ही व्हाल्व मिळून जाडी, आणि किती नमुने मोजले तो आकडा. उंची भागिले लांबी हे गुणोत्तर वाढीबरोबर बदलतं, त्यामुळे एका तीन मिलिमीटरच्या शिंपल्याची तुलना दुसऱ्या स्पीशीजच्या सहा मिलिमीटरच्या शिंपल्याशी करून आकार वेगळा आहे म्हणणं चुकीचं. सगळे ठिपके ग्राफवर टाका.

जुनी नावं साफ करणं, म्हणजे खरं काम

प्राण्यांची नावं १७५८ पासून मोजतात, लिनियसच्या सिस्टेमा नातुराच्या दहाव्या आवृत्तीपासून. म्हणजे तुमच्या शिंपल्याला अडीचशेपेक्षा जास्त वर्षांत कोणीही, कुठल्याही भाषेत, दोन ओळींचं वर्णन आणि धड दिसत नसलेलं चित्र देऊन नाव ठेवलेलं असू शकतं, आणि ते नाव नियमात (प्राण्यांच्या नावांची आंतरराष्ट्रीय नियमावली) बसत असेल तर तुमच्या नावाच्या आधी त्याचा हक्क.

सुरुवात मोलस्काबेसपासून (शंख-शिंपल्यांच्या नावांची ऑनलाइन यादी) करा, तिथे जीनस टाकून सगळी नावं काढा, फक्त आज चालू असलेली नाही, समानार्थी पण, व्हरायटी म्हणून दिलेली पण. मग बाजूच्या जीनसची यादी. मग त्या जीनसमध्ये आधी कधी ठेवलेल्या आणि नंतर हलवलेल्या स्पीशीजची. कुर्टिएला बायडेंटाटाचंच बघा, मोंटाग्यूने १८०३ मध्ये तिला माया बायडेंटाटा म्हटलं, मग ती मोंटाक्युटा झाली, मग मिसेला, आता कुर्टिएला. फक्त कुर्टिएलाच्या नावाखाली शोधणाऱ्याला जुन्या पुस्तकांत ती सापडणारच नाही. (लेखकाचं नाव कंसात का असतं याचं उत्तरही हेच, जीनस बदललं की मूळ लेखक आणि साल कंसात जातं.)

प्रत्येक नावाचं मूळ वर्णन वाचायचं, दुसऱ्याने केलेला सारांश नाही. बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीवर जुनी पुस्तकं फुकट स्कॅन केलेली आहेत, तिथे बहुतेक मिळतं. मी एक तक्ता करते, एका ओळीत एक नाव, पुढे जागा, माप, टाइप (ज्या नमुन्यावरून नाव दिलं तो) कुठल्या म्युझियममध्ये, आणि शेवटच्या रकान्यात एका वाक्यात माझा शिंपला यापेक्षा वेगळा का. तो शेवटचा रकाना जिथे रिकामा राहतो तिथे तुमचा पेपर अडकलेला आहे. त्या नावाचा टाइप बघावा लागतो, म्युझियमच्या क्युरेटरला सभ्यपणे ईमेल करा, कॅटलॉग नंबर द्या, फोटो मागा, आणि नेमका कुठला फोटो हवाय ते सांगा, नाहीतर बाहेरून काढलेला एक छान फोटो येतो आणि बिजागरी दिसतच नाही.

आणि जीवाश्म विसरू नका, हे लोक नेहमी विसरतात. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर नेपल्स पॉइंटला सागरी जीवशास्त्रज्ञ जेफ गोडार्ड यांना दगडाखाली जेमतेम सेंटिमीटरभराचे दोन अर्धपारदर्शक शिंपले दिसले, ओळखीचे नव्हते, त्यांनी फोटो शिंपल्यांचे जाणकार पॉल व्हॅलेंटिच-स्कॉट यांना पाठवले आणि त्यांनाही ओळखू येईना. प्रत्यक्ष नमुना हातात यायलाच २०१९ उजाडलं. नवीन स्पीशीज म्हणून जाहीर करायची तयारी होणार तेवढ्यात जुन्या नोंदी चाळताना १९३७ चा जॉर्ज विलेट यांचा पेपर निघाला, त्यात लॉस एंजेलिसजवळच्या बॉल्डविन हिल्समधल्या जीवाश्माचं नाव होतं बोर्निया कुकी, आणि टाइपशी ताडून बघितलं तर हाच तो. २०२२ मध्ये झूकीज या जर्नलमध्ये पेपर आला तो नव्या स्पीशीजचा नाही, सिमॅटिओआ कुकी (तीच बोर्निया कुकी, आता या जीनसमध्ये) जिवंत सापडली याचा. मला हा पेपर कुठल्याही नव्या नावापेक्षा भारी वाटतो.

डीएनए

सीओआय जीनचा (स्पीशीज ओळखायला नेहमी वापरतात तो) साधारण ६५८ बेसचा तुकडा, फॉल्मर आणि मंडळींचे १९९४ चे प्रायमर (तो तुकडा निवडून वाढवायला लागणारे छोटे डीएनए), बहुतेक जण इथूनच सुरू करतात. इवल्या शिंपल्यांत ते बरेचदा चालत नाहीत, मग १६एस, २८एस किंवा हिस्टोन एच३ हे दुसरे जीन करून बघा. यजमानावर राहणाऱ्या शिंपल्यात कधी कधी यजमानाचाच डीएनए वाढून येतो, सिक्वेन्स आला की आनंदात उडी मारण्याआधी तो सी ककंबरचा नाही ना हे तपासा. दुसरी गंमत म्हणजे काही शिंपल्यांत आईचा मायटोकाँड्रिया आणि बापाचा मायटोकाँड्रिया दोन्ही वेगवेगळे पुढे जातात, त्यामुळे एकाच स्पीशीजचा नर आणि मादी दोन स्पीशीजसारखे वेगळे दिसू शकतात. लासेयात तर क्लोन करून वाढणारे प्रकार आहेत, तिथे स्पीशीजची रेघ कुठे मारायची यावर जाणकारांचंही एकमत होत नाही, पहिल्याच पेपरला तिकडे जाऊ नका.

डीएनए नाही मिळाला तरी पेपर होतो. नियम तशी अट घालत नाहीत.

होलोटाइप

एकच नमुना, ज्याच्यावर नाव कायमचं टांगलेलं असतं. २००० पासून होलोटाइप स्पष्ट शब्दात ठरवणं आणि तो कुठल्या संग्रहात ठेवलाय किंवा ठेवणार ते लिहिणं सक्तीचं आहे, घरातलं कपाट नियमाच्या अक्षरात बसलंही एखादवेळेस, पण करू नका, म्युझियममध्ये द्या आणि कॅटलॉग नंबर घ्या. दोन्ही व्हाल्व जोडलेला, जिवंत पकडलेला, पूर्ण वाढलेला नमुना सगळ्यात चांगला. वाळूत सुटे व्हाल्वच मिळाले असतील तर एक व्हाल्व होलोटाइप करा, एक डावा आणि एक उजवा उचलून जोडी लावू नका, ते एकाच प्राण्याचे आहेत हे तुम्हाला माहीत नाही. सुटे व्हाल्व हजारो वर्षं जुने पण असू शकतात, हेही पेपरमध्ये लिहा. ब्लीच, डीएनए, तोडफोड हे सगळं पॅराटाइपवर (होलोटाइपसोबत नोंदवलेले बाकीचे नमुने). आणि पॅराटाइप दोन-तीन म्युझियममध्ये वाटा.

नमुनाच एक आहे, तोही पिल्लासारखा? मग जीनसपुढे एसपी (म्हणजे स्पीशीज अजून ठरलेली नाही) लिहून चित्र छापा, पाच वर्षांनी कोणाला तरी दुसरा सापडेल.

लिहायचं कसं

डायग्नोसिस आणि वर्णन यात गल्लत करू नका. वर्णनात सगळं येतं, डायग्नोसिसमध्ये फक्त तेवढंच ज्याने हा इतरांपासून वेगळा होतो, पाच-सहा ओळी बस. "शिंपला पांढरा, लंबगोल, चमकदार" असं लिहिलं तर निम्मे इवले शिंपले त्यात बसतात. "उजव्या व्हाल्वमध्ये पुढचा दात मागच्याच्या दुप्पट लांब आणि टोकाला वाकलेला, जवळच्या स्पीशीजमध्ये दोन्ही सारखे" असं हवं. जवळच्या स्पीशीजची नावं घेऊन तुलना करा, तुमच्या तक्त्याचा शेवटचा रकाना इथे जसाच्या तसा उतरतो.

नाव लॅटिन अक्षरांत, आणि विशेषण असेल तर जीनसच्या लिंगाप्रमाणे बदलायचं, लासेया, मिसेला, कुर्टिएला स्त्रीलिंगी म्हणून मिनुटा, मिनुटस नाही. बाईच्या नावावरून असेल तर शेवटी लॅटिनमधलं एई, पुरुषाच्या नावावरून असेल तर आय. जागेवरून असेल तर एन्सिस. स्वतःचं नाव द्यायला नियमात बंदी नाहीये पण लोक आयुष्यभर हसतात. त्या जीनसमध्ये ते नाव आधी कधीच वापरलेलं नाही ना हे बघा, आता दुसरीकडे हलवलेलं असलं तरी मूळ त्याच जीनसमध्ये छापलेलं असेल तर चालत नाही.

नाव छापून येईपर्यंत कुठेच लिहू नका, पोस्टरवर नाही, प्रबंधात नाही, फोटोच्या कॅप्शनमध्ये तर अजिबात नाही. वर्णनाशिवाय नाव फिरायला लागलं की ते नुसतं उघडं नाव होतं, त्याला नियमात काही किंमत नसते आणि पुढच्या माणसाला निस्तरत बसावं लागतं.

जर्नल फक्त ऑनलाइन असेल तर पेपर झूबँकमध्ये (प्राण्यांच्या नावांची अधिकृत ऑनलाइन नोंदवही) आधी नोंदवलेला हवा आणि ती नोंद झाल्याचा पुरावा पेपरच्या आत छापलेला हवा, २०१२ पासून ऑनलाइन नावं चालतात ती याच अटीवर. झूटॅक्सा, झूकीज, युरोपियन जर्नल ऑफ टॅक्सॉनॉमी यांना हे पाठ आहे. इतर ठिकाणी देत असाल तर प्रूफ आलं की सगळ्यात आधी झूबँकच्या नोंदीचा नंबर शोधा, मग "एसपी नोव्ह" (नवीन स्पीशीज) हे शब्द, मग होलोटाइपचा कॅटलॉग नंबर आणि म्युझियमचं नाव. स्पेलिंगच्या चुका नंतर वाचा.

पेपर आला की मोलस्काबेसच्या संपादकांना पीडीएफ पाठवा, सिक्वेन्स जेनबँकमध्ये (डीएनए सिक्वेन्सचा सार्वजनिक साठा) उघडे करा, आणि ज्या क्युरेटरने टाइपचे फोटो काढून दिले होते त्यांना पण एक कॉपी. होलोटाइप अजून तुमच्याच टेबलावर असेल तर तो आज पॅक करा, कॅप्सूल छोट्या काचेच्या बाटलीत, बाटली डब्यात, आणि लेबल आत.